‘मी नाही, ती म्हणते’

ब्राझीलच्या ईशान्य टोकाला रिओ ग्रांदे दो नॉर्ते नावाचं राज्य आहे. तिथलं पापारी हे गाव आता एका शिक्षिकेच्या नावानं ओळखलं जातं: निझिया फ्लोरेस्ता. हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. १८१० साली तिथे जन्मलेल्या दियोनिझिया गोन्साल्वेस पिंतो हिनं लिहिण्यासाठी घेतलेलं हे नाव. १८३२ साली रेसिफे शहरात तिचं पहिलं पुस्तक निघालं, ‘स्त्रियांचे हक्क आणि पुरुषांचा अन्याय’. मूळ लेखिका ‘मिसेस गॉडविन’ आणि हे फ्रेंचवरून मोकळेपणानं केलेलं पोर्तुगीज भाषांतर, असं पुस्तकावर छापलं होतं. मिसेस गॉडविन म्हणजे मेरी वोलस्टोनक्राफ्ट. १७९२ साली लंडनमध्ये स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडणारा गाजलेला ग्रंथ तिचाच.

त्यावरून एक गोष्ट ठरूनच गेली. लॅटिन अमेरिकेतला स्त्रीवाद कुठून आला? लंडनहून, वोलस्टोनक्राफ्टच्या भाषांतरातून. दीडशे वर्षं हे असंच सांगितलं गेलं. मीही एका भाषणात ते छातीठोकपणे सांगितलं आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीला कुणीतरी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, तेव्हा दिसलं की फ्लोरेस्ताच्या पुस्तकात वोलस्टोनक्राफ्ट नाहीच. ते भाषांतर आहे १७३९ साली लंडनमध्ये ‘सोफिया’ या टोपणनावानं निघालेल्या एका पुस्तिकेचं. स्त्री पुरुषापेक्षा कमी नाही, असं ती पुस्तिका सांगते. ही सोफिया कोण होती, हे आजवर उलगडलेलं नाही. त्यात आणखी एक गंमत. सोफियाच्या पुस्तिकेतला मोठा भाग तिचा नव्हताच. १६७३ साली पॅरिसमध्ये फ्रांस्वा पुलँ द ला बार यानं स्त्री-पुरुष समानतेवर जे लिहिलं होतं, त्यातून तो उचललेला होता. पुलँ हा देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या विचारानं भारलेला तरुण, धर्मशास्त्राचा विद्यार्थी. बुद्धीला लिंग नसतं, हे त्याचं सूत्र. आपल्या पुस्तकाला कुणी धड विरोधही करेना, तेव्हा १६७५ साली त्यानं स्वतःच पुरुषांच्या श्रेष्ठत्वावर पुस्तक लिहून आपल्या मताचं लटकं खंडन करून पाहिलं. वाद घालायला माणूस मिळत नाही, हे दुःख लिहिणाऱ्यांनाच कळेल.

मग मिसेस गॉडविनचं नाव कुठून आलं? १८२६ साली सेझार गार्दताँ नावाच्या गृहस्थानं सोफियाच्या पुस्तिकेचं फ्रेंच रूप पॅरिसमध्ये छापलं आणि त्यावर मिसेस गॉडविनचं नाव घातलं. बहुधा नाव ओळखीचं, खपाऊ म्हणून. फ्लोरेस्ताच्या हाती तेच पडलं आणि तिनं प्रामाणिकपणे तेच नाव पुढे दिलं. त्याआधी, १७५० साली, सोफियाची पुस्तिका इंग्रजीतून फ्रेंचमध्ये येऊन गेलीच होती. म्हणजे पॅरिसमध्ये जन्मलेला युक्तिवाद इंग्रज पोशाख घालून पॅरिसला परतला, ‘इंग्रजीवरून भाषांतरित’ अशी पाटी लावून, आणि घरच्यांनी त्याला पाहुणा समजून पाट मांडला.

पॅरिस, लंडन, पुन्हा पॅरिस, मग अटलांटिक ओलांडून रेसिफे. १५९ वर्षांचा प्रवास. वाटेत लेखक दोनदा बदलला: पुरुषाची बाई झाली, निनावी बाईची नामवंत बाई झाली. आता हा विचार कुणाचा म्हणायचा?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल, त्यांच्या हक्कांबद्दल कुणी बोलायला लागलं की आपल्याकडे आजही एक ठरलेला टोला येतो: हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे. त्याला तितकंच ठरलेलं उत्तर मिळतं: नाही हो, आमच्याकडे गार्गी होती, मैत्रेयी होती. दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात, की विचारालाही अधिवासाचा दाखला लागतो. दाखला असला तर विचार आपला, नसला तर उपरा. फ्लोरेस्ताच्या पुस्तकाचा दाखला काढायला कुठल्या कचेरीत जायचं ते आता सांगा. ज्यांना आपण ‘पाश्चात्त्य’ असं एका शब्दात गुंडाळतो, त्यांच्यातही हा विचार कायम दुसऱ्या भाषेतूनच आलेला होता. फ्रेंचांना तो इंग्रजी वाटला, ब्राझीलला आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी वाटला. उसना म्हणून नाकारायचा तर त्यांनीही तो नाकारायला हवा होता.

माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढे आहे. भाषांतर ही या विचाराची केवळ वाहतूक नव्हती. अनेक बायकांना जाहीरपणे बोलण्याची जी थोडीशी जागा उपलब्ध होती, ती भाषांतराचीच होती. ‘मी नाही, ती म्हणते’ असं सांगून जे बोलता येत होतं, ते ‘मी म्हणते’ असं सांगून बोलता आलं नसतं.

आडोसा हा या इतिहासात फार जुना आहे, आणि तो शब्दशः होता. १६३६ साली नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाचं उद्घाटन झालं. त्या समारंभासाठी लॅटिन कविता लिहिण्याचा मान मिळाला ॲना मारिया फान शूरमान हिला. ज्या संस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता तिच्या गौरवाची कविता एका स्त्रीकडून लिहून घेतली गेली, आणि तिनंही कवितेत ही खंत घालून दिली. नंतर तिला व्याख्यानं ऐकायची परवानगी मिळाली, पण विद्यार्थ्यांना ती दिसू नये अशा आडोशात बसून. १६४१ साली लायडनमध्ये तिचा प्रबंध छापला गेला. विषय होता, स्त्रीची बुद्धी विद्येला योग्य आहे की नाही. मांडणी तर्कशास्त्राची: हे विधान, हे कारण, म्हणून हा निष्कर्ष. विद्यापीठातले प्राध्यापक ज्या हत्यारानं भांडत, त्याच हत्यारानं.

हा प्रबंधही लॅटिनमध्ये होता. मुलींना शिकू द्या असं सांगणारं पुस्तक अशा भाषेत, जी मुलींना शिकवलीच जात नव्हती. ते वाचू शकणारे बहुतेक सगळे पुरुष. ज्यांच्याबद्दल ते होतं, त्यांच्यापर्यंत जायला त्याला भाषांतराशिवाय वाट नव्हती. १६४६ साली ते फ्रेंचमध्ये गेलं, १६५९ साली इंग्रजीत. इंग्रजी भाषांतर केलं क्लेमेंट बार्क्सडेल या धर्मोपदेशकानं. मुलगी विदुषी होऊ शकते का, असा प्रश्नच त्यानं शीर्षकात घातला. लॅटिन येणाऱ्या शंभर पंडितांनी मान डोलावली असती तरी घरोघरी काही हललं नसतं. बोलीभाषेत आल्यावर तो प्रबंध आयांच्या हाती पडायला मोकळा झाला.

फान शूरमानची एक अट मात्र विसरू नये. विद्या कुणासाठी? जिला सवड आहे, घरची ऐपत आहे, संसाराच्या कामातून जिची सुटका आहे, तिच्यासाठी. धुणं-भांडी करणारी मुलगी त्या तर्कात बसत नव्हती. तिच्याकडे नंतर वळू.

आता खुद्द वोलस्टोनक्राफ्टकडे पाहा. तिला आपण मूळ झरा मानतो. पण ती पोटासाठी भाषांतरं करणारी बाई होती. लंडनचा प्रकाशक जोसेफ जॉन्सन तिला काम द्यायचा. फ्रेंच, डच, जर्मन अशा भाषांतली पुस्तकं तिनं इंग्रजीत आणली, आणि जर्मन तर ती भाषांतर करता करता शिकली. झाल्झमान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाचं मुलांसाठीचं नीतिकथांचं पुस्तक तिनं १७९० च्या सुमारास इंग्रजीत केलं. पात्रांना आणि घरांना इंग्रजी वळण दिलं, आणि एक गोष्ट स्वतःची घातली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना मुलांनी भावासारखं मानावं, म्हणून. पुस्तकात ही उणीव होती, ती भरली, असं तिनं प्रस्तावनेत उघड सांगितलं. मूळ लेखकाला न विचारता असं करावं का, यावर भाषांतरकारांची बैठक रात्रभर चालेल. मला तिनं ते लपवलं नाही, हे महत्त्वाचं वाटतं.

तिचा १७९२ चा ग्रंथही एका परभाषिक कागदाला दिलेलं उत्तर होता. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर तालेरां या राजकारण्यानं सार्वजनिक शिक्षणावर अहवाल मांडला होता. त्यात मुलींनी आठव्या वर्षांपर्यंत शाळेत शिकावं आणि पुढे घरीच, असा सूर होता. वोलस्टोनक्राफ्टनं आपला ग्रंथ त्याच तालेरांला अर्पण केला. अर्पणपत्रिकाच तक्रारअर्ज झाली. बाराव्या प्रकरणात तिनं सरकारी दिवसशाळांची कल्पना मांडली: मुलगे-मुली एकत्र, गरीब-श्रीमंत एकत्र, सगळ्यांचा पोशाख सारखा. हा ग्रंथ त्याच वर्षी फ्रेंचमध्ये गेला आणि अमेरिकेतही छापला गेला. १७९३-९४ मध्ये तो जर्मनमध्ये आला आणि छापला गेला श्नेपफेनथाल इथे, म्हणजे झाल्झमानच्याच शाळेच्या गावी. भाषांतर तिथल्या वायसनबॉर्नचं, आणि टिपा स्वतः झाल्झमानच्या.

म्हणजे ज्याचं पुस्तक तिनं बदललं, त्यानं तिच्या पुस्तकाखाली टिपा लिहिल्या. फेड म्हणा. बाई फार पुढे गेली असं वाटलं तिथे खाली सभ्य शब्दांत आवर घातलेला. मला या टिपांचा राग येत नाही. राग येतो तो छुप्या कातरीचा. टीप वाचकाला सांगते की इथे दोन माणसं बोलत आहेत. छुपी काटछाट सांगते की एकच बोलत होतं, आणि ते एवढंच बोललं.

एकाच वाक्याचं वजन बोलणारा बदलला की कसं बदलतं, हे पुलँ आणि सोफिया यांच्यात दिसतं. पुरुषांनी स्त्रियांबद्दल जे लिहिलं आहे ते सगळं संशयानं पाहायला हवं, कारण या खटल्यात पुरुष न्यायाधीशही आहेत आणि पक्षकारही, असा पुलँचा मुद्दा आहे. पुरुषाच्या तोंडून तो उदारपणा वाटतो. सोफिया तोच मुद्दा ‘आम्ही बायका’ असं म्हणत मांडते, आणि त्याचा एकदम आरोप होतो. चोरी म्हणाल तर चोरी आहे. पण पुलँला जे करता येणार नव्हतं, ते या चोरीनं झालं.

आडोसा घेण्याच्या तऱ्हाही नाना. १७९८ साली माद्रिदला सॅम्युअल जॉन्सनच्या एका इंग्रजी कथेचं स्पॅनिश भाषांतर छापलं गेलं. कथा ॲबिसिनियाच्या राजपुत्राची, कुणाच्या भुवया उंचावण्याचं कारण नाही. भाषांतर करणारी इनेस होयेस ही आयरिश वंशाची, साठी ओलांडलेली बाई. पुस्तकाच्या शेवटी, राजपुत्राची गोष्ट संपल्यावर, तिनं आपल्या मुलींना उद्देशून स्त्रियांच्या बाजूचं एक खणखणीत पत्र जोडून दिलं. समोरच्या दारानं राजपुत्र, मागच्या दारानं ती.

चिलीत मात्र आडोसा पुरला नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा स्त्रियांच्या पराधीनतेवरचा निबंध १८६९ सालचा. त्याच वर्षी येनी हिर्श हिनं तो जर्मनमध्ये आणला आणि गेओर्ग ब्रांडेस यानं डॅनिशमध्ये. पुढच्या वर्षी आना मारिया मोत्झोनी हिनं इटालियनमध्ये. सांतियागोच्या एका नियतकालिकात १८७२ पासून तो स्पॅनिशमध्ये येऊ लागला. भाषांतर करणारी मार्तिना बारोस विशीतली. तिनं स्वतःची प्रस्तावना जोडली. त्यात तिनं मिलपेक्षा सावध पवित्रा घेतला: राजकीय हक्क आम्ही मागत नाही, समाजातले हक्क आणि शिक्षण मागतो. इतकं जपून लिहूनही पुढे आठवणींत तिला नोंदवावं लागलं की बायकाच तिला टाळू लागल्या, धोक्याची मुलगी म्हणून. विचार मिलचा, पण मिलला कुणी टाळलं नाही. गावात राहणारी ती होती.

मिलच्या शीर्षकाचं काय झालं ते तर पाहण्यासारखं आहे. मूळ शब्द कायद्याच्या वासाचा, दुसऱ्याच्या अधीन असण्याचा. स्पॅनिशमध्ये तो थेट ‘गुलामगिरी’ झाला, आणि ज्या खंडात गुलामांचा बाजार लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता तिथे हा शब्द किती जड असेल. जर्मनमध्ये निवडलेला शब्द जमिनीला बांधलेल्या कुळाच्या अवस्थेचा. इटालियनमध्ये चाकरीचा. मराठीत मिलचा हा निबंध गोविंद वासुदेव कानिटकरांनी आणला, लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकून पुढे आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिणाऱ्या काशीबाईंचे ते पती. मराठीत तुम्ही कुठला शब्द घ्याल? दास्य म्हटलं की देवळातली भक्तीही आठवते. पारतंत्र्य म्हटलं की इंग्रज आठवतो. ताबेदारीत कचेरी आहे, परवशतेत हतबलता आहे. शब्द निवडला की अर्धा युक्तिवाद निवडून होतो. भाषांतरकाराला लेखक न मानणाऱ्यांनी हा एक शब्द निवडून दाखवावा.

इथवर भाषांतराची बाजू मी हौसेनं मांडली. आता तिचं दुखणं.

कोण भाषांतरित होतं आणि किती लवकर? पुलँ चार वर्षांत इंग्रजीत गेला. वोलस्टोनक्राफ्ट त्याच वर्षी फ्रेंचमध्ये. मिल त्याच वर्षी जर्मनमध्ये. आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे? ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापली गेली. कुणाचंही भाषांतर नाही, आडोसा नाही, तोंडावर बोललेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जी चिखलफेक झाली, तिला दिलेलं ते उत्तर. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली, नंतर पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा मराठी वाचकांपुढे आणलं. इंग्रजीत पूर्ण पुस्तक म्हणून ते आलं १९९४ साली, रोझालिंड ओ’हॅन्लन यांच्या भाषांतरात. ११२ वर्षं. आगबोट, तार, छापखाना हे सगळं १८८२ साली होतं. नव्हती ती निकड.

मुक्ता साळवेचं आणखी वेगळं. फुले दांपत्याच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये आला. आमचा धर्म कोणता ते तरी सांग, असं ती देवाला विचारते. फान शूरमानच्या अटीत न बसणारी मुलगी हीच. सवड नाही, ऐपत नाही, आणि तरी शिकलेली. स्त्रीशिक्षणाच्या जगभरच्या चर्चेत ‘शिकण्याला सवड लागते’ हे गृहीतक अडीचशे वर्षं अंगावरच्या दागिन्यासारखं मिरवलं गेलं. वोलस्टोनक्राफ्टच्या शाळेतही गरीब-श्रीमंत नऊ वर्षांपर्यंतच एकत्र, पुढे कष्टकऱ्यांची वाट वेगळी. या गृहीतकाला खोडणारा कागद मराठीत छापलेला होता. तो एकोणिसाव्या शतकातच पोर्तुगीजमध्ये गेला असता, तर काय झालं असतं? गुलामगिरी १८८८ पर्यंत टिकलेल्या ब्राझीलमध्ये तो कुणी वाचला असता?

उलट दिशेनं जे गेलं त्यात सगळ्यात ठळक पंडिता रमाबाई. १८८२ साली मराठीत ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिणाऱ्या रमाबाईंनी १८८७ साली फिलाडेल्फियात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं पुस्तक इंग्रजीत काढलं. त्यात संस्कृत वचनं आहेत, अनुभव मराठी-कानडी मुलखातले आहेत आणि वाचक अमेरिकन आहे. ते पुस्तक म्हणजे मूळ नसलेलं भाषांतर आहे. अमेरिकेतून जमलेल्या पाठबळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. आपलं दुःख दुसऱ्याच्या भाषेत मांडून शाळा उभी करणं, हा भाषांतराचा याहून रोकडा हिशेब मला माहीत नाही. पण शीर्षकातला ‘उच्चवर्णीय’ हा शब्द काय बाहेर ठेवतो, तेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. भाषांतराची वाट ज्यांना इंग्रजी येतं त्यांच्या दारावरून जाते. म्हणून जगाला रमाबाई कळल्या, मुक्ता कळायला फार वेळ लागला.

त्यामुळे ‘हे बाहेरून आलं’ या आक्षेपावर मला आज भांडावंसं वाटतं ते वेगळ्याच बाजूनं. बाहेरून आलं यात काही बिघडलं नाही. आपलं बाहेर गेलं नाही, आणि गेलं ते उशिरा व निवडक, यात बिघडलं. आपल्या विद्यापीठांत भाषांतराला संशोधनाच्या पायरीखाली बसवलं जातं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर भाषांतरकर्तीचं नाव शोधायला भिंग लागतं. कोणत्या भाषेवरून केलं, काय गाळलं, काय घातलं, हे सांगायची रीत अजून आपल्याकडे सरसकट रुजलेली नाही. हिंदीवरून मराठीत आणलेलं बंगाली पुस्तक, इंग्रजीवरून आणलेलं फ्रेंच पुस्तक थेट ‘मूळ’ भाषेवरून केलेलं म्हणून खपतं. गार्दताँनं केलं त्याहून हे फार वेगळं नाही. आणि मराठीतून थेट तमिळ, थेट पोर्तुगीज, थेट अरबी करू शकणारी माणसं तयार करण्यावर जो पैसा लागेल तो दर वर्षी मराठी भाषा दिनाच्या मंडपांवर जाणाऱ्या पैशापेक्षा वेडावाकडा जास्त असेल, असं मला वाटत नाही.

फ्लोरेस्ताचं काय झालं? चुकीच्या नावाचं पुस्तक तिनं पुन्हा काढलं, पोर्तो आलेग्रेला आणि रिओ दी जानेरोला. १८३८ साली रिओत मुलींसाठी शाळा उघडली, कोलेजियो आगुस्तो. त्या काळी मुलींच्या शाळेत शिवणटिपण आणि थोडंसं वाचन एवढंच असे. हिनं फ्रेंच, इंग्रजी, इटालियन आणि लॅटिन शिकवायला घेतलं. १८४७ साली रिओच्या एका वर्तमानपत्रानं शाळेच्या परीक्षांवर शेरा मारला: भाषांची कामं भरपूर झाली, सुईची कामं अंधारातच राहिली. वर हेही जोडलं, की नवऱ्यांना जास्त काम करणारी आणि कमी बोलणारी बायको हवी असते.

शाळेत लॅटिनचा तास त्यानंतरही चालू होता.